टिंबं आणि ठसे : दोन नव्या पुस्तकांच्या कामाच्या नोंदी

3 जून 2024, सोमवार

यंदा दोनच पुस्तकं करायची असं ठरलं. आमचं प्रकाशन म्हणजे दोन खोल्या, मी, मांडणी करणारा एक मुलगा आणि आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या आमच्या बाई. बाई निवृत्त शिक्षिका आहेत, वय 78, प्रूफं त्याच वाचतात. गुन्हा आणि तपास एवढाच आमचा विषय. त्यातही चार पुस्तकं एकदम घेतली की एकाचंही काम मनासारखं होत नाही, हे मागच्या वर्षी कळलं.

पहिलं पुस्तक जुनं आहे. 1920 च्या दशकात एका मासिकात टोपणनावाने आलेल्या नऊ रहस्यकथा, ज्यांचं पुस्तक कधी झालंच नाही. रद्दीत निघालेल्या एका बांधीव खंडात त्या सापडल्या. दुसरं पुस्तक बोटांच्या ठशांचं. पोलीस खात्यात उभी नोकरी ठसे बघण्यात गेलेल्या एका अधिकाऱ्यांनी ते लिहिलं आहे. त्यांना आम्ही सगळे साहेबच म्हणतो.

हक्कांचं आजच लिहून ठेवते, कारण पहिला फोन नेहमी त्यासाठीच येतो. लेखक वारल्याच्या पुढच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षं हक्क वारसांकडे राहतात. लेखन टोपणनावाने छापलेलं असेल आणि त्या मुदतीत लेखक कोण हे उघड झालं नसेल, तर ही 60 वर्षं छापल्यापासून मोजतात. म्हणून या नऊ कथा मोकळ्या आहेत. बाबुराव अर्नाळकर का काढत नाही, असं बरेच जण विचारतात. हजारावर रहस्यकथा लिहिणारा तो माणूस 1996 साली गेला, म्हणजे हक्क 2056 अखेरपर्यंत वारसांचे. ॲगाथा ख्रिस्ती 1976 साली गेल्या, त्यांच्यासाठी 1 जानेवारी 2037 ची वाट बघायची. होम्सच्या कथा कधीच मोकळ्या झाल्यात, पण त्यांचे मराठी अनुवाद आहेत, चांगले आहेत, आणखी एकाची घाई नाही.

14 जून, शुक्रवार

खंड स्कॅन होऊन आला. 214 पानं. कागद पिवळा पडलाय, कडा हात लावताच तुटतात, पण शाई अजून काळीभोर आहे. खिळ्यांची, म्हणजे धातूची अक्षरं एकेक जुळवून केलेली छपाई. मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून पहिली कथा काढली आणि आज दिवसभर ती मूळ पानाशी ताडून पाहिली. जोडाक्षरांचा गोंधळ होणार हे धरूनच चालले होते. पण सगळ्यात जास्त चुका टिंबांच्या निघाल्या.

तेव्हाच्या मराठीत टिंबं फार. कांहीं, नाहीं, मीं, त्यानें, घरांत, केलें. एका पानावर सहज मोजली तर 112 भरली. आज आपण ‘केलं’वर देतो ते टिंब बोलण्यातला ‘अं’ दाखवतं. ‘केलें’वरचं टिंब वेगळं, ते व्याकरणाचं. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे नियम ठरवले आणि ही न उच्चारली जाणारी टिंबं गेली. ते बरंच झालं, शाळेतल्या मुलांचा जाच कमी झाला. आमचाही बेत तोच होता, सगळ्या कथा आजच्या लेखनात आणायच्या.

1 जुलै, सोमवार

आजपासून नवे फौजदारी कायदे लागू. सकाळी साहेबांचा फोन. “मॅडम, सहावं प्रकरण पुन्हा लिहितो.”

त्या प्रकरणात ठसा कोर्टात कसा टिकतो ते सांगितलंय. खुनाचं कलम 302 होतं, आता 103. तज्ज्ञाचं मत पुराव्याच्या कायद्यात कलम 45 खाली येत असे, नव्या साक्ष अधिनियमात ते 39 खाली येतं. शिवाय सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. मी विचारलं, मग सगळीकडे आकडे बदलूया का? साहेब म्हणाले, “नाही. घटना आजच्या आधीची असेल तर कलम जुनंच. 1998 च्या खुनाला 103 लावलं तर पुस्तक पहिल्या पानावरच खोटं पडेल.” दोन्ही आकड्यांचा तक्ता पुस्तकाच्या शेवटी जाईल.

जाता जाता त्यांनी आणखी एक सांगितलं, ते मी नव्या लेखकांसाठी भिंतीवर लावून ठेवलंय. आमच्याकडे येणाऱ्या दहा हस्तलिखितांपैकी सात तरी इन्स्पेक्टरसमोर आरोपीने कबुली दिली की संपतात. आपल्या कायद्यात पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. तिच्यातून हत्यार किंवा माल सापडला, तर तेवढाच भाग चालतो. म्हणजे खरी कथा कबुलीनंतर सुरू होते. पंच कोण, पंचनामा कधी झाला, मोहोर कोणी लावली, इथून.

12 जुलै, शुक्रवार

बाई आज पाचवी कथा वाचून आल्या आणि चप्पल काढायच्या आतच म्हणाल्या, “अगं, ह्या गुप्तहेराला कळलं कसं?”

(कुठली कथा ते या नोंदीत कळू नये म्हणून ‘पाचवी’ हा आकडा मी बदलून लिहिलाय. खाली चिठ्ठीचं वाक्यही माझं आहे. पुस्तकातलं वेगळं आहे, मर्म तेच.)

कथेत एक म्हातारे मास्तर मारले जातात. उशाखाली त्यांच्या हातची चिठ्ठी सापडते. आम्ही आजच्या लेखनात आणलेली चिठ्ठी अशी होती : “ती रात्री आली होती.” सगळे एका बाईच्या मागे लागतात. गुप्तहेर मात्र चिठ्ठी एकदाच वाचतो आणि सांगतो, एक पुरुष आणि एक बाई, दोघांना शोधा. कारण एवढंच देतो की मास्तरांनी जन्मात कधी अनुस्वार चुकवला नाही.

बाईंनी फळ्यावर लिहून दाखवलं. एकटी बाई आली असेल तर ‘ती आली होती’. नवरा-बायको, भाऊ-बहीण अशी दोघं मिळून आली असतील तर आपण नपुंसकलिंगी अनेकवचन वापरतो, ‘ती दोघं आली’. जुन्या लेखनात त्याला टिंबं होती : “तीं रात्रीं आलीं होतीं.” रात्रींवरचं टिंब दोन्हीकडे येणारच, ते सोडून द्यायचं. उरलेली तीन टिंबं म्हणजे घरात आलेला दुसरा माणूस.

आम्ही तो माणूस पुसून टाकला होता. आणि बाईंनी विचारलं नसतं तर तसंच छापलं असतं.

मी मूळ स्कॅन उघडला. तिथेही टिंबं नाहीत! ‘तीं’वर नाही, ‘आलीं’वर नाही, ‘होतीं’वर अंधुक काहीतरी. मग शोधता शोधता सापडलं की स्कॅन करताना पानावरचे डाग काढायची सोय चालू राहिली होती. यंत्राच्या लेखी टिंब म्हणजे डागच. 214 पानांतून किती गेली असतील कोण जाणे. सगळं पुन्हा स्कॅन करायचं, ती सोय बंद करून.

16 जुलै, मंगळवार

नवा स्कॅन. पुष्कळ टिंबं परत आली. पण नेमकं त्या चिठ्ठीच्या ओळीवर आमच्या खंडात वाळवीची वाट गेली आहे. ‘आलीं’वरचं टिंब दिसतं, ‘तीं’चं डोकंच नाही. दुसरी प्रत बघितल्याशिवाय हे पान छापायचं नाही.

20 जुलै, शनिवार

कोकणातल्या एका जुन्या वाचनालयात तो खंड आहे असं कळलं, म्हणून काल रात्रीच्या गाडीने निघाले. धो धो पाऊस. ग्रंथपालांनी खंड फडक्यात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला होता, आत कडुनिंबाची वाळलेली पानं. त्यांनी टेबल खिडकीशी ओढून दिलं, भिंग दिलं आणि समोर बसून राहिले. त्यांनाही बघायचं होतं.

‘आलीं’ आणि ‘होतीं’वरची टिंबं स्वच्छ. ‘तीं’वर मात्र राखाडी सावली, शाई नीट उतरलेली नाही. खिळा झिजलेला असेल. किंवा तो नुसता कागदावरचा ठिपका असेल. एकट्या ‘ती’ला टिंब नसेल तर वाक्य व्याकरणात बसत नाही हे खरं, पण तेवढ्यावर मला छापायचं नव्हतं. मास्तर अनुस्वार चुकवत नाहीत यावरच सगळी कथा उभी आहे.

साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, “वरून बघू नका. टॉर्च टेबलाला समांतर धरा, उजेड कडेने येऊ द्या. काचेवरचा ठसा आम्ही तसाच शोधतो.” खिडकी लावून घेतली, मोबाइलचा टॉर्च आडवा धरला. खिळ्यांची छपाई कागदात रुतते. अक्षर सपाट नसतं, त्याला खळगा असतो. कडेच्या उजेडात प्रत्येक अक्षराच्या एका बाजूला बारीक सावली पडली आणि ‘तीं’च्या वेलांटीशेजारी एक गोल खळगा दिसला, त्याच्याही कडेला सावली. शाई नव्हती, दाब होता. ग्रंथपालांनी पान अलगद उलटवून मागून बोट फिरवलं आणि म्हणाले, “ताई, लागतंय हाताला.” मी बोट फिरवलं. मोहरीएवढा उंचवटा. शंभर वर्षांपूर्वी कुण्या जुळाऱ्याने तो खिळा बसवला होता.

एवढ्यासाठी आठ तास प्रवास केला आणि पुन्हा करायला लागला तरी करेन.

2 ऑगस्ट, शुक्रवार

आता छापायचं कसं, यावर तीन आठवडे घोळ चाललाय.

कथा आजच्या लेखनात आणि फक्त ती चिठ्ठी जुन्या लेखनात ठेवली, तर वाचकाची नजर तिथेच अडकेल आणि रहस्य तिथल्या तिथे फुटेल. तळटीप दिली तर त्याहून वाईट. सगळं पुस्तक जुन्या लेखनात ठेवावं, असं मांडणीवाल्या मुलाचं म्हणणं. मला ते मनापासून आवडलं, पण आज तिशीतला वाचक ‘त्यांनीं तिला कांहींच सांगितलें नाहीं’ असं 200 पानं वाचेल का? या कथा अभ्यासकांसाठी काढायच्या नाहीत. लोकलमध्ये उभ्याने वाचता यायला हव्यात.

तोड बाईंनी काढली. नऊ कथांत मिळून हाताने लिहिलेले 23 कागद येतात. पत्रं, चिठ्ठ्या, एक मृत्युपत्र, एक वाण्याची यादी. ते सगळेच्या सगळे जुन्या लेखनात ठेवायचे, वेगळ्या टाइपात. निवेदन आणि संवाद आजच्या लेखनात. प्रस्तावनेत एकच वाक्य : ‘पात्रांच्या हातचे कागद त्यांनी लिहिले तसेच ठेवले आहेत.’ पहिल्या कथेतल्या वाण्याच्या यादीपासून वाचकाला टिंबांची सवय होईल, आणि खरी चिठ्ठी येईल तेव्हा ती तेविसांतली एक असेल.

चिठ्ठी बाळबोधात, म्हणजे देवनागरीत, लिहिलेली आहे, मोडीत नाही, हे लेखकाने मुद्दाम दोनदा सांगितलंय. तेव्हा घरगुती लिहिणं बहुतेक मोडीतच चालायचं आणि मोडीत ह्रस्व-दीर्घाचाही भेद पाळत नाहीत, तिथे टिंबांचा काटेकोरपणा कुठला. आधी ते वाक्य मला भरतीचं वाटलं होतं. या माणसाने एकही वाक्य भरतीला घातलेलं नाही. तो कोण होता ते कळलं असतं तर फार बरं वाटलं असतं.

19 ऑगस्ट, सोमवार

ठशांच्या पुस्तकाचं तिसरं प्रकरण. माझं सगळ्यात आवडतं.

1858 साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा करारावर घेतला, तो पुढे करार नाकारू नये म्हणून. तिथपासून 1897 मध्ये कलकत्त्यात जगातलं पहिलं अंगुलीमुद्रा केंद्र निघालं तिथपर्यंतची हकीकत साहेबांनी सांगितली आहे. पद्धतीला नाव मिळालं एडवर्ड हेन्रीचं. पण ठसे लावायचे कसे आणि हजारोंमधून शोधायचे कसे याचं गणित बसवलं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन फौजदारांनी. साहेबांचा आग्रह होता की प्रकरणाच्या नावात ही दोन नावं हवीत. आली.

गणित असं. आपल्याकडे आजीने बोटांवरची चक्रं मोजलेली असतात, दहा असली तर राजयोग वगैरे. मोजायचं तेच. उजव्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एक ते पाच, डाव्या अंगठ्यापासून सहा ते दहा. दोन-दोन बोटांच्या पाच जोड्या. पहिल्या जोडीत चक्र असेल तर 16, दुसरीत 8, मग 4, 2, 1. सम क्रमांकाच्या बोटांची बेरीज वर, विषम बोटांची खाली, आणि दोन्हींत एक-एक मिळवायचा. दहाही चक्रं असतील तर 32/32. एकही नसेल तर 1/1. वर 32 शक्यता, खाली 32, म्हणजे 1,024 कप्पे. माणूस कुठल्या कप्प्यात शोधायचा ते कळलं.

आज राखीपौर्णिमा, भाऊ जेवायला आला होता. त्याला शाईच्या पॅडवर बसवलं. उजव्या अंगठ्याला चक्र, उजव्या अनामिकेला चक्र, बाकी कुठे नाही. अनामिका चौथी, म्हणजे वर 8 आणि 1. अंगठा पहिला, म्हणजे खाली 16 आणि 1. नऊ छेद सतरा. दिवसभर तो स्वतःला ‘नऊ छेद सतरा’ म्हणवून घेत होता. पुस्तकात यासाठी दहा रिकामे चौकोन असलेलं पान घालायचं, वाचकाने स्वतःचे ठसे उमटवायला. त्या पानाला जरा जाड कागद हवा, शाई पलीकडे फुटता कामा नये.

5 सप्टेंबर, गुरुवार

परवा गणपती. छापखान्यात दिवाळी अंकांची गर्दी, आमचा नंबर नोव्हेंबरात. कथांचं पुस्तक 176 पानं, म्हणजे सोळा-सोळा पानांचे 11 फर्मे. ठशांचं 208, 13 फर्मे. प्रत्येकी 500 प्रती. कागदाचा भाव पुन्हा वाढलाय. पुस्तकावर जीएसटी नाही, पण कागदावर भरलेला परत मिळत नाही, तो किमतीतच धरावा लागतो. विक्रेत्यांचं 40 टक्के कमिशन धरून किंमत 280 आणि 340.

3 ऑक्टोबर, गुरुवार

रात्री बातमी आली, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. बाईंनी फोन करून पेढे मागितले.

14 ऑक्टोबर, सोमवार

आज मोठी चूक पकडली गेली, ती सविस्तर लिहिते.

चौथ्या प्रकरणात 1898 चा खटला आहे. जलपायगुडीकडच्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरून खून झाला, पेटी फोडली गेली. पेटीत एक बंगाली पंचांग होतं, त्याच्यावर तपकिरी डाग. डागात अंगठ्याची उमट. आधी चोरीत शिक्षा झालेल्या कांगाली चरण नावाच्या जुन्या नोकराचा ठसा कलकत्त्याच्या केंद्रात होता, तो जुळला. कोर्टाने चोरीबद्दल त्याला शिक्षा दिली, खुनातून सोडलं. ठसा एवढंच सांगतो की हात इथे लागला. हात लागून पुढे काय झालं ते ठसा सांगत नाही. साहेबांच्या मते पुस्तकातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच.

या प्रकरणात समजुतीसाठी उजव्या हाताच्या तर्जनीचा मोठा ठसा घातलाय, करंगळीच्या बाजूला उघडणारा शंख, म्हणजे रेषा ज्या बाजूने येतात तिकडेच वळून परत जातात तो आकार. मांडणीत चित्र डाव्या पानावर बसत नव्हतं, म्हणून आमच्याच टेबलावर ते आडवं उलटवलं गेलं. आरशात दिसतं तसं. माझ्या नजरेतून सुटलं, बाईंच्याही. साहेबांनी प्रूफ हातात घेतलं आणि दोन सेकंदांत खाली ठेवलं. “मॅडम, शंख अंगठ्याकडे उघडला. हा माणूस बदलला.”

फोटो उलटला तर माणूस ओळखू येतो. ठसा उलटला की तो दुसऱ्याच कुणाचा होतो. रात्री बसून पुस्तकातली सगळी 41 चित्रं मूळ कागदांशी ताडली. आणखी एक उलटं निघालं. आता प्रत्येक चित्राच्या फाइलच्या नावात ‘उजवा’ किंवा ‘डावा’ आणि बोटाचा क्रमांक आहे, आणि त्या फाइल फक्त वाचता येतात, बदलता येत नाहीत.

मुखपृष्ठही परत गेलं. चित्रकाराने एकात एक वर्तुळं काढली होती, दिसायला सुरेख. पण चक्राच्या दोन्ही बाजूंना रेषा फुटतात त्या दोन तिकट्या हव्यात. त्याशिवायचं चक्र कुठल्याच बोटावर नसतं. चित्रकाराने न कुरकुरता स्वतःच्या अंगठ्यावरून पुन्हा काढलं.

27 नोव्हेंबर, बुधवार

निवडणूक झाली, छापखाना मोकळा झाला. ठशांची चित्रं फोटोसारखी ठिपक्यांत छापली तर रेषा तुटतात, म्हणून सगळी शुद्ध रेषाचित्रं म्हणून दिली. पहिला छापील ताव भिंगाखाली धरला तेव्हा रेषा मोजता येत होत्या. कथांच्या पुस्तकात मी एकच पान पाहिलं. तिन्ही टिंबं जागेवर. छापखान्यातल्या दादांना सांगितलं, या पानाच्या प्लेटला कापूस लावताना सांभाळून. त्यांनी कारण विचारलं नाही, प्लेटच्या कडेला खडूने फुली करून ठेवली.

11 डिसेंबर, बुधवार

प्रती आल्या. कागदाचा आणि डिंकाचा वास. बाईंनी पहिली प्रत घेतली आणि तिथेच खुर्चीत बसून चिठ्ठीचं पान काढलं.

15 डिसेंबर, रविवार

फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव. रविवार असल्याने पाय ठेवायला जागा नाही. ठशांच्या पुस्तकातलं चौकोनांचं पान मुलं उघडून बघतात आणि आईबापांना घ्यायला लावतात. दुपारपर्यंत 31 प्रती गेल्या. कथांच्या 12.

चारच्या सुमारास फोंड्याहून आलेल्या एक आजी नातवाला घेऊन स्टॉलवर टेकल्या. पाय दुखत होते, म्हणून खुर्ची दिली. त्यांनी कथांचं पुस्तक मधूनच उघडलं आणि नातवाला मोठ्याने वाचून दाखवायला लागल्या. नेमकी तीच कथा. चिठ्ठी आली तशी त्यांनी ती वाचली, आणि प्रत्येक टिंब नाकातून उच्चारलं. कोकणीत ते अजून बोलतात, ‘तीं आयलीं’. मी हातातलं बिल तसंच धरून उभी राहिले. ज्या टिंबांना उच्चार नाही म्हणून ती गेली, ती मी आज पहिल्यांदा कानांनी ऐकली.

नातवाने विचारलं, “कोण आली होती गं?”

“आली होती न्हय रे,” आजी पान उलटत म्हणाल्या, “दोगां आयल्लीं. दादलो आनी बायल.”

चिठ्ठीचा उलगडा आणखी सोळा पानांनी आहे.